त्र्याऐंशीवर चुकणारा आवाज

माझे वडील धुळ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी प्रुफं तपासायचं काम धरलं. धाकट्या भावानं घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं दुकान काढलं होतं आणि त्याच्याकडे टाईपसेटिंगला येणारं सगळं, म्हणजे लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, हौशी कवींचे संग्रह, नानांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छपाईला जात नसे. लाल शाईचं पेन आणि उजव्या बाजूला झुकलेली मान, एवढंच नानांचं चित्र त्या काळातलं माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी लग्नानंतर जळगावला राहत होते, तिथल्याच एका शाळेत शिकवत होते, आणि सुट्टी लागली की पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीनं माहेरी यायचे.

नजर गेली ती काचबिंदूनं. आधी कडा गेल्या. नळीतून बघावं तसं ते कागद डावीकडून उजवीकडे सरकवत वाचू लागले आणि आम्हाला वाटलं, ही वयाची सवय असेल. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा गेलेलं परत येत नाही, एवढंच तिथून कळलं. पुढच्या दोनेक वर्षांत उरलेलंही गेलं.

भावाची बायको मनानं फार चांगली. दुपारची कामं आटपली की ती नानांच्या खुर्चीजवळ बसून प्रुफं मोठ्यानं वाचून दाखवायची. काही दिवसांनी नाना तिला म्हणाले, "तू वाचू नको आता. तुझा काही दोष नाही. तू बरोबर वाचतेस, म्हणून उपयोग होत नाही."

तिला वाईट वाटलं. मग त्यांनीच समजावून सांगितलं. कागदावर "कापुस" असं चुकीचं छापलेलं असलं तरी ती "कापूस" असंच वाचणार. तिला शब्द ठाऊक आहे, म्हणून डोळा चूक गिळतो आणि तोंड बरोबर बोलतं. प्रुफं तपासायला असं वाचणारा हवा, ज्याला अर्थच कळत नाही.

हे वाक्य भावानं धरून ठेवलं. तो पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दुकानात दोन कॉम्प्युटर होते, एकावर काम चाले आणि दुसरा त्यानं स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. त्या वर्षी मी दिवाळीला गेले तेव्हा तो म्हणाला, "अक्का, मला तुझा आवाज पाहिजे. बाराखडीचा."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते रेकॉर्डिंग केलं. मधली खोली बंद, पंखा बंद, खिडकीवर गोधडी टांगलेली. क, का, कि, की, कु, कू. प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर वेगळं. नाना समोर बसून ऐकायचे आणि माझा उच्चार मनासारखा होईपर्यंत पुढं जाऊ द्यायचे नाहीत. आमच्या भागात ळ चा सर्रास य होतो, डोळ्याला डोया आणि शाळेला शाया म्हणतात. नानांनी त्या ळ साठी सगळी नोकरी वर्गात झगडण्यात घालवली होती. "जीभ वर वळव," ते मला म्हणायचे, जणू मी सहावीत होते. ऱ्हस्व आणि दीर्घात त्यांनी इतका फरक करायला लावला की ते बोलणं मलाच परकं वाटू लागलं. "बोलताना एवढा फरक कुणी करत नाही, नाना," मी म्हटलं. ते म्हणाले, "कागदावर तो असतो ना? मग ऐकू आला पाहिजे."

पुढचे काही महिने भाऊ प्रोग्रॅम लिहीत होता. टाईप केलेला मजकूर घ्यायचा, प्रत्येक अक्षरासाठी माझ्या आवाजाचा तुकडा शोधायचा आणि सांधे ऐकू येणार नाहीत असे तुकडे एकमेकांना जोडायचे. मी पुन्हा गेले तेव्हा स्पीकरमधून माझाच आवाज, जरा कोरडा, जरा घशात अडकल्यासारखा, एका पतसंस्थेचा अहवाल वाचत होता. नाना हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोट वर केलं. "'सहकारि' म्हणाली ती. दीर्घ पाहिजे." भावानं पान बघितलं. खरंच ऱ्हस्व पडला होता.

मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हसले वगैरे नाहीत. फक्त खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "पुढं."

एकच अडचण होती. प्रत्येक वाक्य जुळवायला मशीन वेळ घेई. एक वाक्य झालं की शांतता आणि मग दुसरं. लांब वाक्यांत तर मध्येही खंड पडे. नाना चिडत नसत, पण थकायचे. "वाक्याचा शेंडा येईपर्यंत बुडखा विसरायला होतं रे," ते म्हणत.

वेगाची नवी चिप विकत घेणं तेव्हा परवडणारं नव्हतं. भावानं दुसरा मार्ग काढला. त्यानं तो मला नंतर नीट सांगितला होता, म्हणून इथं सांगता येतो. मदरबोर्डवर एक मूळ ठोका असतो, बेस क्लॉक. सगळे भाग त्या ठोक्यावर चालतात. मुख्य चिप त्या ठोक्याला ठरावीक आकड्यानं गुणून आपला वेग काढते. त्याच्या बोर्डाचा ठोका सहासष्ट मेगाहर्ट्झच्या किंचित वर होता आणि चिप त्याच्या अडीचपट, म्हणजे एकशे सहासष्टवर चालत होती. बोर्डावर बारीक पिनांच्या जोड्या असत आणि त्यांवर नखाएवढ्या काळ्या टोप्या, त्यांना जम्पर म्हणत. टोपी या पिनांवरून त्या पिनांवर बसवली की ठोका वाढे. भावानं आधी पंच्याहत्तर केला. आठवडाभर ठीक चाललं. मग नाशिकच्या एका दुकानदारानं त्याला टोप्यांची एक अशी मांडणी सांगितली, जी बोर्डाबरोबर आलेल्या माहितीत नव्हती. ठोका त्र्याऐंशीवर गेला.

आता आवाज धावू लागला. वाक्यांमधली शांतता श्वास घ्यावा इतकी उरली. त्याच सुमारास रावेरकडच्या एका शेतकऱ्यानं केळीच्या लागवडीवर लिहिलेलं पुस्तक कामाला आलं होतं. चांगलं जाडजूड होतं. अनुभवी माणसाचं लिहिणं, पण शुद्धलेखन आपल्या मनाचं. नानांना असं काम आवडे. ते पुस्तक ते रोज सकाळी ऐकू लागले.

आणि त्याच पुस्तकापाशी सगळं बिघडलं.

सुरुवात कशी झाली ते मला भावाच्या बायकोनं फोनवर सांगितलं. नाना एखादी चूक दाखवत, भाऊ पानावर बघे, तर तिथं सगळं बरोबर असे. "'मुळ' म्हणाली," असं नाना सांगत. पानावर "मूळ" असे. भाऊ तेच वाक्य पुन्हा ऐकवी आणि या वेळी मशीन स्वच्छ "मूळ" म्हणे. आधी एखाददुसऱ्यांदा झालं, मग रोज होऊ लागलं. नाना म्हणत, "मी ऐकलं." भाऊ म्हणे, "नाना, ऐका ना आता. बरोबर आहे." तो उलट उत्तर करणारा मुलगा नव्हता. त्यानं अगदी हळू आवाजात, बायकोकरवी, कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला.

संध्याकाळी ओट्यावर बसलेले असताना नानांनी मुलाला जवळ बोलावलं. ते दुकानात आणि शाळेत नेहमी पुस्तकी मराठी बोलत. मनातलं काही निघालं की मात्र जीभ गावाकडे वळे. त्यांनी विचारलं, "मन्हा कान बी गयात का रे?"

माझेही कान गेले का, असं त्यांनी विचारलं होतं. भाऊ म्हणाला, "नाही नाना, थकवा असेल." हे मला त्यानंच पुढं सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

रेकॉर्डिंगला वर्ष उलटून गेलं होतं. जानेवारीत शाळेला दोन दिवस जोडून सुट्टी आली तशी मी धुळ्याला गेले. सकाळी नाना खुर्चीत होते आणि स्पीकरमधून माझा आवाज केळीच्या मुनव्यांबद्दल, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांबद्दल, बोलत होता. भाऊ पुढच्या मशीनवर गिऱ्हाईकाच्या कामात होता. मी सहज छापील पान हातात घेतलं आणि ओळींवर बोट ठेवून ऐकू लागले.

दुसऱ्या परिच्छेदात आवाज म्हणाला, "मुळाशी पानी साचू देऊ नये." पानावर "पाणी" होतं. मी नानांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताचं बोट किंचित उचललं गेलं होतं. मग ते हळूच परत खाली मांडीवर आलं.

थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. चूक ऐकू आली, बोट हललं, आणि नाना गप्प. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते ऐकतात, पण आता सांगत नाहीत. आपण चुकतोय असं त्यांनी मानून टाकलं होतं आणि घरातल्यांना त्रास नको म्हणून जे ऐकू येई ते गिळत होते.

मी मशीन थांबवलं. "नाना, आत्ता काय म्हणाली ती?"

"काही नाही."

"'पानी' म्हणाली. बाणातला ण नाही लागला."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. डोळे कुठंतरी माझ्या खांद्यापलीकडे होते. "तुले बी ऐकू उनं का?"

"मलाही आलं, नाना. दोनदा. आणि पान माझ्या हातात आहे."

चष्मा लावायची गरज कधीच संपली होती, तरी नाना लावत. तो त्यांनी काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला.

मी भावाला हाक मारली. तो आला, ऐकलं, म्हणाला, "अक्का, तू पण?" मी म्हटलं, "पुन्हा लाव. पान तू धर." पहिल्यांदा सगळं बरोबर आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिसऱ्याच ओळीत "रोप" चं "रूप" झालं. हातात पान धरलेला भाऊ होता तिथंच खाली बसला. समोरच्या गिऱ्हाईकाला त्यानं उद्या या म्हणून सांगितलं.

पहिल्यांदा त्याला वाटलं की प्रोग्रॅम चुकतोय. पण प्रोग्रॅम चुकत असता तर दर वेळी त्याच जागी चुकला असता, असं तोच नानांना म्हणाला. इथं चूक फिरती होती. मग त्याला वाटलं, मेमरी. त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिवळ्या कडा खोडरबरानं घासल्या, जागा बदलून बसवल्या. चूक तशीच. मग त्यानं एकदम दोन-तीन गोष्टी बदलायला घेतल्या, तेव्हा नाना खुर्चीतून म्हणाले, "एका वेळी एकच बदल. दोन बदललेस तर कशानं सुधारलं ते कळणार कसं?"

मग तपासणी शाळेतल्या परीक्षेसारखी शिस्तीत झाली. एकच पान ठरवलं. प्रत्येक बदलानंतर तेच पान पुन्हा पुन्हा लावायचं. पान मी धरायचं आणि चूक नानांनी पकडायची. भाऊ फक्त आत हात घालणार.

त्यानं ठोका परत सहासष्टवर आणला. पान कितीही वेळा लावलं तरी नानांचं बोट उठलं नाही.

"म्हणजे चिपला वेग झेपत नाही," मी म्हटलं.

"तेच बघायचंय," भाऊ म्हणाला. त्यानं ठोका पुन्हा त्र्याऐंशी केला, पण दुसऱ्या टोप्या हलवून गुणायचा आकडा अडीचवरून दोनवर आणला. म्हणजे चिप आता तिच्या मूळच्या वेगावरच होती, एकशे सहासष्टवर. तिच्यावर काही ताण नव्हता. पान लावलं. पहिल्याच परिच्छेदात नानांचं बोट वर गेलं.

मग उलटं केलं. ठोका सहासष्ट आणि आकडा तीन. आता चिप तिच्या वेगापेक्षा चांगलीच वर, दोनशेच्या घरात. जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही तेच पान ऐकत होतो. एकही चूक नाही.

भाऊ उकिडवा बसून उघड्या कॅबिनेटकडे बघत राहिला. मग तो बोलू लागला, आम्हाला सांगत होता की स्वतःला, कळत नव्हतं. "चिप चुकत नव्हती. मी ठोका वाढवला तो फक्त चिपसाठी, असं धरून चाललो. पण तोच ठोका सगळ्यांना जातो ना. हार्ड डिस्क आणि कार्डं त्याच्या निम्म्यावर चालतात. निम्मं म्हणजे तेहतीस, त्यासाठीच ती बनवलेली. मी त्यांना एक्केचाळीसच्या पुढं पळवत होतो. डिस्कवरून येताना अक्षर वाटेत बदलत होतं."

"पण मग ऱ्हस्व-दीर्घच का?" नानांनी विचारलं.

"तेच एकटं नव्हतं, नाना. भलतंसलतं अक्षरही येत असणार, ते आपण खरखर म्हणून सोडून देत होतो. पण ऱ्हस्व आणि दीर्घ, न आणि ण, यांना मी शेजारशेजारचे आकडे दिलेत. आकड्याच्या शेवटी एवढासा फरक पडला की एकाचं दुसरं होतं. म्हणून ती चूक खऱ्या चुकीसारखी वाटत होती."

दुसऱ्या दिवशी त्यानं पंच्याहत्तरही तपासून बघितला. सकाळच्या थंडीत तो स्वच्छ चालला, पण दुपारी खोली तापल्यावर एकदा नानांचं बोट उठलं. ते एकदा पुरे होतं. त्यानं सहासष्ट आणि तीन अशा टोप्या बसवल्या. वाक्यांमध्ये पुन्हा थोडी शांतता आली, पहिल्याइतकी नाही, पण आली.

झाकण लावून झाल्यावर भाऊ नानांच्या पायाशी येऊन बसला. माफी मागायची त्याची पद्धत नव्हती आणि आमच्या घरात तशी कुणाचीच नव्हती. तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, नाना. मशीन चुकत होतं."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते म्हणाले, "किती पानं झाली असतील रे, मी गप्प बसल्यावर?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहून सोडून दिलेल्या चुकांत खऱ्या किती आणि मशीनच्या किती, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. नाना म्हणाले, "पहिल्या पानापासून लाव." केळीचं ते अख्खं पुस्तक त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. मी जळगावला परतले तेव्हा ते तिसऱ्या प्रकरणात होते.

त्यानंतर नानांनी चांगलं काम केलं. उन्हाळ्यात, धुळ्याचं ऊन भिंतीतून आत येई तेव्हा, भाऊ कॅबिनेट उघडं ठेवून त्यावर टेबलफॅन लावी आणि तरी मशीन अडकलं तर आकडा तीनवरून अडीचवर आणे. नाना ते लगेच ओळखत. "आज हळू चालली," ते म्हणत. ती, म्हणजे मी. शिंदखेड्याकडच्या एका मास्तरांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, त्या अहिराणीत होत्या. त्यांचं शुद्धलेखन कसं ठरवायचं यावर नाना आणि ते मास्तर समोरासमोर बसून दिवस दिवस वाद घालत. माझा आवाज मधूनमधून एखादी ओवी म्हणून दाखवी आणि ते दोघं पुन्हा वाद सुरू करत. मी माहेरी असले की ती ओळ न् ओळ ऐकायला नाना मला बोलावून घेत. "बघ, तुझ्या तोंडी अहिराणी कशी येते," म्हणत.

मग एकदा मी गेले असताना भाऊ पुन्हा जमिनीवर बसलेला दिसला. कॅबिनेट उघडं, मेमरीच्या पट्ट्या पेपरवर मांडलेल्या. नानांना स आणि श मधला फरक लागत नव्हता. "सासन" म्हणाली, असं ते सांगत, पानावर "शासन" असे आणि पुन्हा लावलं तरी त्यांना "सासन"च ऐकू येई. दर वेळी, त्याच जागी. भावाला याचा अर्थ कळला होता. मला दारातच कळला. तरी तो खोडरबरानं पट्टीची पिवळी कडा घासत होता. त्यानं ठोका तपासला होता, आकडा अडीचवर आणला होता, डिस्कची केबल बदलली होती, कार्डाची जागा बदलली होती. मी पान घेऊन ऐकलं. माझा आवाज स्वच्छ "शासन" म्हणत होता.

भाऊ म्हणाला, "अक्का, मेमरीची दुसरी पट्टी आणून बघतो. उद्या नाशिकला जातो."

नाना खुर्चीतून पुढं वाकले. हात लांब करून त्यांनी भावाचा खांदा शोधला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आते मशीननी चूक नही. मन्ही शे."

भाऊ घासतच राहिला.

"मागच्या वेळी चूक फिरत होती," नाना म्हणाले, आता शाळेतल्या मराठीत, धडा समजावून द्यावा तसं. "या वेळी ती एकाच जागी आहे. माझ्या. तूच तर शिकवलंस ना मला."

मग भावानं पट्ट्या एकेक करून बसवल्या. त्याचे हात इतके हळू चाललेले मी कधी बघितले नव्हते. झाकण लावल्यावर नानांनी विचारलं, "कोणाचं काम अर्धं आहे?" भावानं सांगितलं. "ते अक्काकडे दे," नाना म्हणाले. "तिला अक्षरन् अक्षर वाचायची सवय झालीये."

तेव्हापासून प्रुफं एसटीच्या पार्सलनं जळगावला येऊ लागली. शाळेतून आल्यावर मी ती मोठ्यानं वाचायचे, शब्द न वाचता अक्षरं वाचायची, जीभ वर वळवून ळ म्हणायचा. घरचे सुरुवातीला हसले, मग त्यांनाही सवय झाली.

नाना आणखी एक हिवाळा होते. सकाळी आंघोळ झाली की ते भावाला मशीन लावायला सांगायचे आणि ओव्या ऐकायचे. स कुठला आणि श कुठला, ते आता विचारत नसत. एकदा मी शेजारी बसले होते. ओवी संपली, दुसरी जुळेपर्यंतची शांतता आली. नाना त्या शांततेत पुढची ओळ स्वतःच म्हणाले, मशीनच्या आधी, आणि मग माझा आवाज तीच ओळ म्हणू लागला तेव्हा ऐकत बसले.